सेजसाठी माती

२ मार्च

ही म्हणते, तुम्ही एखादी गोष्ट मनावर घेतलीत की घरातल्यांना पळता भुई थोडी होते. म्हणून यावेळी बोलून दाखवत नाही, लिहून ठेवतो.

डिसेंबरात हिला ताप आला. आठवड्यात उतरला, पण जाताना हिचं नाक घेऊन गेला. म्हणजे नाक जागेवर आहे, श्वासही घेतं, वास मात्र येत नाही. कशाचाच नाही. डॉक्टरांनी चार कुप्या दिल्यात: लिंबू, लवंग, निलगिरी, गुलाब. सकाळ-संध्याकाळ एकेक हुंगायची आणि तो वास आठवायचा. आतल्या नसा पुन्हा वाढू शकतात म्हणे, पण खात्री नाही, आणि घाई तर मुळीच नाही. ही इमानेइतबारे हुंगते, झाकण लावते, कुपी जागेवर ठेवते. विचारलं की म्हणते, "पाणी हुंगल्यासारखं."

माझं नाक गेलं असतं तर महिनाभर मला कळलंही नसतं. मी दुकानात चष्म्याच्या काचा घासतो, माझं सगळं काम डोळ्यांचं. पण ही बेकरीवाली. ही आणि हिची धाकटी बहीण मिळून बेकरी चालवतात. भट्टीतला पाव झाला की नाही, हे ही भट्टीकडे पाठ करून सांगायची. जानेवारीत एका सकाळी बेकरीत गॅसची नळी सुटली. ही आत एकटी पीठ मळत होती, हिला पत्ताच नाही. धाकटी वेळेवर पोचली म्हणून निभावलं. त्या दिवशी धाकटीने हिच्याकडून किल्ल्या काढून घेतल्या. रागाने नाही, रडत रडत. पण घेतल्या. तेव्हापासून ही घरी.

काल डॉक्टरांनी सहज विचारलं, वास परत आला तर पहिला कुठला यावासा वाटतो? मला वाटलं, लोण्याचा म्हणेल. ही पटकन म्हणाली, "सेजचा."

सेज म्हणजे उग्र वासाच्या पानांचं एक विलायती झुडूप. यांच्या बेकरीत लोणी आणि सेज घातलेला पाव व्हायचा, तो घ्यायला लोक लांबून यायचे. ताजी पानं पुरवणारा मळेवाला मळा विकून निघून गेला. वाळक्या पानांत काही राम नाही असं म्हणून हिने तो पावच बंद केला.

तर मी सेज लावणार. गॅलरीत, कुंड्यांत. ठरलं.

५ मार्च

दुकानातून लवकर निघायची परवानगी मागितली. मालक म्हणाले, "शेज आणायला? या वयात नवी गादी घेताय की काय?" सगळं दुकान हसलं. मी नाही हसलो. नंतर बसथांब्यावर एकटाच हसलो.

रोपवाटिकेची मालकीणबाई खुर्चीत पाय वर घेऊन बसली होती. "आधी कधी काही लावलंय?"

"नाही."

"मग पुदिना न्या. पुदिना दगडावरही येतो."

"सेजच हवं."

तिने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि सहा रोपं काढून दिली. राखाडी हिरवी, लांबट पानं, वर मखमलीसारखी लव. एक चुरगळून नाकाशी धरलं. कापूर, पेन्सिलीचा भुसा आणि थोडं औषध, असं काहीतरी. निघताना ती म्हणाली, "फार लाड करू नका याचे." मला वाटलं, हे तिचं एकंदर आयुष्याबद्दलचं मत असावं.

६ मार्च

इमारतीच्या मागे, पाण्याच्या टाकीशेजारी छान काळी माती आहे. बादल्या भरभरून वर आणली. ढेकळं फोडली, चाळली, त्यात निम्मं कुजलेलं खत घातलं. सेजला जे जे चांगलं असेल ते सगळं मिळालं पाहिजे. मोठ्या प्लास्टिकच्या कुंड्या घेतल्या, रोपं लावली आणि कुंडी ओसंडेपर्यंत पाणी घातलं.

ही दारात चहा घेऊन उभी होती. मी विचारलं, "कशी आहे माती?"

"माती आहे," म्हणाली. चहा तसाच हातात निवून गेला होता. हल्ली हिचा चहा निवतोच. फिरायला मात्र ही आताशा रोज पहाटे जाते. चांगलं लक्षण आहे, हवापालट.

१९ मार्च

सहापैकी चार गेली.

पानं पिवळी पडली तेव्हा मला वाटलं तहान लागलीय, म्हणून पाणी वाढवलं. आज एक रोप ओढलं तर ते मुळासकट हातात आलं. मूळ कसलं, ओल्या सुतळीचा तुकडा. तपकिरी, बोटाने दाबला तर साल सुटून आली. कुंडीतली माती खालपर्यंत चिखल. मी त्या झाडांना बुडवून मारलंय.

ही म्हणाली, "राहू द्या हो. नर्सरीतून अधूनमधून चार पानं आणत जाऊ."

म्हटलं, "नाही." जरा मोठ्यानेच म्हटलं गेलं.

२२ मार्च

चिखल होतो तर वाळू घालावी, इतकी अक्कल मलाही आहे. बांधकामावरून बारीक वाळू मागून आणली आणि काळ्या मातीत मिसळली. पाणी घालून दोन दिवस उन्हात ठेवली. आज त्यात स्क्रू-ड्रायव्हर रुततो, बोट रुतत नाही. मी घरच्या घरी सिमेंट तयार केलंय. धाकटी आली होती, तिने कुंडीवर टकटक केलं आणि विचारलं, "भावजी, पायरी करताय का?"

नंतर दोघी बहिणी स्वयंपाकघरात बसल्या. धाकटी हळू आवाजात सांगत होती की एकटीने उरकत नाही, एक कारागीर ठेवावा लागेल. ही म्हणाली, "ठेव ना. ठेवायलाच हवा." अगदी सहज म्हणाली. बरं झालं, हिने ते फार मनाला लावून घेतलेलं दिसत नाही. नंतर बराच वेळ एकच भांडं घासत होती.

२९ मार्च

पुन्हा रोपवाटिका. बाईने सगळी हकीकत ऐकली आणि आमच्याकडची तयार माती न्या म्हणाली, पिशवीवर चार रंगांत फुलं छापलेली. उरलेली दोन रोपं त्यात लावली, आणखी चार आणली.

३ एप्रिल

तयार माती वरून कोरडी दिसते, आत ओला बोळा. बारीक काळ्या माश्या झाल्यात, चहाच्या कपात पडतात. बाईला जाऊन सांगितलं. ती म्हणाली, "आमची माती सगळ्यांना चालते." मी म्हटलं, सेजला चालत नाही. ती म्हणाली, "मग सेजला सांगा." भांडणात मला उत्तरं नेहमी घरी आल्यावर सुचतात. आजही सुचलं, पण आता काय उपयोग.

चपला ठेवताना पाहिलं, हिच्या चपलांच्या कडांना पांढरं पीठ लागलंय. पीठ कुठलं, माझ्या वाळूची धूळ असणार. उद्या गॅलरी धुवायला हवी.

५ एप्रिल

आजची गोष्ट नीट लिहितो.

रविवार. जमिनीवर जुनी चादर पसरून मी माती, जाड वाळू, कोकोपीट म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, आणि पर्लाइट नावाचे पांढरे फुललेले खडे असे ढीग मांडून बसलो होतो. पर्लाइट इतकं हलकं की फुंकर मारली तर उडतं. बागकामाच्या एका पुस्तकात वाचून एकेक मग मोजून मिसळत होतो, कुंडीत भरून पाणी ओतत होतो, ते खालून किती वेळाने येतं ते बघत होतो. कधी वरच तुंबायचं, कधी सरळ धावत खाली. ही आत येरझाऱ्या घालत होती. शेवटी न राहवून खाली बसली, बाह्या वर सारल्या आणि दोन्ही हात ढिगात घातले.

मूठ भरली, दाबली, उघडली. मातीचा गोळा तसाच तळहातावर बसून राहिला.

"हे पीठ झालं," ही म्हणाली. "चिकट. यात हवा नाही. यात फुगायला जागाच नाही."

"सेज फुगत नाही."

"मुळं तर पसरतील ना? त्यांना पण जागा लागते." मग हिने काळी माती जवळजवळ सगळी बाजूला लोटली, थोडीशीच ठेवली. जाड वाळू धुवायला लावली, कारण तिच्यात बारीक गाळ होता आणि तोच सगळ्या फटी बुजवत होता. मी बादलीतलं पाणी चारदा बदललं. कोकोपीट मूठभर, खत त्याहून कमी.

"खत एवढंच?"

"मळेवाला म्हणायचा, याला उपाशी ठेवलं की पानं तिखट होतात. तुम्ही त्याला सणासारखं जेवायला घालताय."

पर्लाइट घातलं. चिमूटभर चुन्याची भुकटी, कारण सेजला आंबट माती सोसत नाही असं पुस्तकात होतं. तेवढं एक माझं. ही दोन्ही हातांनी खालून वर, खालून वर मिसळत राहिली. अधूनमधून मूठ दाबायची, उघडायची. एका वेळी मुठीतला गोळा बोट लावताच ओल्या रव्यासारखा सुटून पडला. "हं," म्हणाली.

प्लास्टिकच्या कुंड्या काढून भाजक्या मातीच्या आणल्या होत्याच. तळाच्या भोकावर खापरीचा तुकडा ठेवला, मिश्रण भरलं, मगभर पाणी ओतलं. क्षणभर वर थांबलं, आत गेलं, आणि खालून निवांत ठिबकायला लागलं. मी टाळ्या वाजवल्या. ही हसली. डिसेंबरनंतर पहिल्यांदा दात दिसले.

संध्याकाळी कुप्या हुंगून झाल्यावर मी सेजचं एक पान चुरगळून हिच्या नाकाखाली धरलं. "नाही," म्हणाली. मी म्हटलं, येईल. रोज धरणार.

१७ एप्रिल

आला! हिला वास आला!

गेले कित्येक दिवस मी सकाळी दुकानात जाण्याआधी पान धरतोय आणि ही मान हलवतेय. आज पान धरलं, हिने डोळे मिटले, बराच वेळ मिटलेलेच ठेवले. मग माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "येतोय. थोडासा. कापरासारखा."

मी काय केलं ते लिहायला लाज वाटते, पण लिहितो: रडलो. ही माझ्या पाठीवर हात फिरवत म्हणाली, "अहो, पुरे, पुरे." माझंच सांत्वन! दुकानात सगळ्यांना पेढे म्हणून लिमलेटच्या गोळ्या वाटल्या. धाकटीला फोन केला. ती फोनवर नुसती "खरंच?" "खरंच?" करत राहिली.

सेजची सहाही रोपं जोरात आहेत. आता बोटाच्या दुसऱ्या पेरापर्यंत माती कोरडी लागली तरच पाणी. माझा हात पाण्याच्या झारीकडे जातो, मी तो मागे घेतो.

२१ एप्रिल

गंमत झाली. सकाळी घाईत, चष्मा न लावता, कुंडीच्या कडेला उगवलेल्या रानगवताचं पान तोडून हिच्या नाकाशी धरलं. ही म्हणाली, "आज तर छानच येतोय, कापराचा." दुकानात पोचल्यावर बोटं पाहिली, सेजची लव नाही की वास नाही. मला हसू आलं. हिची वासाची आठवणच इतकी पक्की झालीय की नुसतं पान दिसलं तरी वास येतो. डॉक्टर म्हणालेच होते, आठवणीचा मोठा हातभार असतो.

हिला सांगितलं नाही. उगीच ओशाळेल.

२५ एप्रिल

धाकटीने आज किल्ल्या परत आणून दिल्या. दाराच्या आत पाऊल टाकायच्या आधीच मला विचारलं, "भावजी, नक्की ना?" मी म्हटलं, "रोज सकाळी स्वतः बघतोय." हिने किल्ल्या घेतल्या आणि मुठीत धरून बसून राहिली. आनंदाने माणूस असा गप्प होतो हे मी पहिल्यांदाच पाहिलं. नंतर हळूच म्हणाली, "आणखी थोडे दिवस थांबूया का?" मीच म्हटलं, आता कसलं थांबायचं!

उद्यापासून पहाटे बेकरी.

६ मे

सकाळी दुकानात फोन आला. हातातली काच तशीच टाकून गेलो.

ही पहाटे बेकरीत एकटी होती. शेगडीवर लोणी वितळायला ठेवलं आणि पाठ करून मळायला लागली. लोणी जळलं, मग काळं झालं, मग पेटलं, शेजारचं फडकं पेटलं, वरच्या फळीवरचं कागदी सामान पेटलं. पाठीला धग लागली तेव्हा हिला कळलं. फडकं हातानेच ओढून खाली टाकलं. धाकटी आली तेव्हा आत धूर मावत नव्हता आणि ही पाण्याची बादली घेऊन मधोमध उभी.

डावा हात मनगटापर्यंत भाजलाय.

धाकटी दवाखान्याच्या पायऱ्यांवर मला म्हणाली, "तुम्ही म्हणालात म्हणून मी किल्ल्या दिल्या, भावजी." बस्स, एवढंच.

७ मे

आज कामावर गेलो नाही. ही खिडकीशी बसली होती, हात उशीवर ठेवून. मी विचारलं, "तुला वास येतच नव्हता ना?"

"नाही."

"एकदाही नाही?"

"एकदाही नाही."

मला राग आला. खोटं कशाला लिहू, फार आला. म्हटलं, "जीव गेला असता तुझा! नाही येत म्हणायला काय होत होतं?"

ही शांतपणे म्हणाली, "तुम्ही पान धरायचात आणि माझ्या तोंडाकडे बघायचात. निकालाच्या दिवशी आई पोराकडे बघते ना, तसं. रोज. तुम्ही माती वाहिलीत, झाडं मेली, पुन्हा आणलीत, माश्या गिळल्यात. मी रोज नापास होत होते. एक दिवस म्हटलं, होऊ दे यांना खूश." मग थोड्या वेळाने, "पुढचं इतकं वाढेल असं वाटलं नव्हतं. किल्ल्या आल्या तेव्हा सांगणार होते. पण किल्ल्या हातात आल्या हो."

मग हिने सांगितलं, पहाटे फिरायला म्हणून जायची ती बेकरीच्या मागच्या दारापाशी. तिथे पिठाची पोती उतरवलेली असायची, त्यांच्या शेजारी उभी राहायची आणि धाकटी यायच्या आत परत फिरायची.

मी तो रानगवताचा दिवस आठवला. समोर होतं सगळं. दिवसभर लोकांना बारीक अक्षरं वाचायला लावणारा माणूस मी.

१० मे

गॅलरीत गेलो, कुंड्या उचलून खाली टाकून द्याव्यात अशा विचाराने. सेज हातभर वाढलंय. त्याचा यात काय दोष. पाणी न घालता परत आलो, लागतही नव्हतं.

ठरवलं: झाडं राहणार. पान धरणं बंद. ही कुप्या हुंगते तेव्हा मी पाठ करून बसणार, किंवा चहा करणार, पण तोंडाकडे बघणार नाही. आणि काही विचारणार नाही.

१३ मे

धाकटी आली. आठवड्यात पहिल्यांदाच. हातात फडक्याने झाकलेलं पातेलं. मला वाटलं आता मोठं बोलणं होणार, मी मनात उत्तरं जुळवून ठेवली. तिने पातेलं हिच्या पुढ्यात ठेवलं.

"ताई, जरा हात लावून सांग, काय चुकतंय. नवीन कारागीर मळतो, पण पाव उतरतो तो विटेसारखा."

हिने फडकं बाजूला केलं. मग उजव्या हाताची दोन बोटं पिठात घातली. दाबली, सोडली, थोडं ओढून ताणलं. ते लगेच तुटलं.

"पाणी बरोबर आहे," ही म्हणाली. "मळलंय कमी. आणि थंड पाण्यात भिजवलंय. त्याला सांग, वेळ दे म्हणावं."

"तूच येऊन सांग."

"मी?"

"शेगडी आणि भट्टी माझी. तू तिकडे फिरकायचं नाही, फिरकलीस तर तंगडी तोडीन. पीठ तुझं." धाकटी एवढं बोलली आणि मग तिचा आवाज फाटला. "मला एकटीला नाही जमत गं."

दोघी पातेल्यावरून एकमेकींच्या गळ्यात पडल्या. पीठ माझ्या सतरंजीवर सांडलं. सांडू दे.

मी बेकरीत गॅस आणि धुराची घंटा बसवून देणार आहे. तारा ओढणं मला येतं. दोन बसवीन, एक बिघडली तर दुसरी.

८ जून

हात बरा. ही पहाटे जाते, धाकटीबरोबरच. कारागीर हिला घाबरतो असं कळलं.

मी सेजच्या छाटा लावल्या. शेंड्याचा बोटभर तुकडा पेराच्या खाली कापायचा, खालची पानं काढायची, नुसत्या वाळूत आणि पर्लाइटमध्ये खोचायचा. खत नाही, काही नाही. ओढून बघायचा मोह होतो, मुळं आली का म्हणून. दोन ओढून बघितल्या. त्या दोन गेल्या. बाकीच्यांना हात लावणार नाही.

आज ही कुप्या हुंगत होती, मी पाठमोरा. मागून आवाज आला, "नाही आला आज पण." मी म्हटलं, "बरं." आणि चहा ओतला. इतकं सोपं होतं तर.

२९ जून

छाटांना हलकं ओढल्यावर खालून धरून ठेवल्यासारखं लागतं. मुळं! मालकांना सांगितलं. ते म्हणाले, "अभिनंदन, गादी झाली, आता उशीही करा."

१४ जुलै

आज दुपारी मी सेजची पहिली मोठी छाटणी केली. धाकटीला उद्या पुन्हा तो लोणी-सेजचा पाव करायचाय, बघू लोकांना आठवतोय का. चांगली ओंजळभर जुडी झाली. स्वयंपाकघरात आणून ओट्यावर ठेवली आणि देठांना बांधायला दोरा शोधायला लागलो.

ही बेकरीतून येऊन पडली होती. आतून ओरडली, "काय जळतंय?"

मी दोरा शोधायचं सोडून सगळं तपासलं. शेगडी बंद, गॅस बंद, वायरी गार. "काही नाही जळत."

"जळतंय! रबर जळल्यासारखं. शी! कुजलेलं रबर!" ही उठून दारात आली, पदराने नाक घट्ट दाबलेलं. स्वयंपाकघरात दोन पावलं टाकली आणि थांबली. माझ्याकडे पाहिलं, ओट्याकडे पाहिलं. मी जुडी उचलली.

"लांब करा ते! लांब करा!" म्हणत ही मोरीकडे धावली. ओकली बिचारी.

मी जुडी हातात धरून तसाच उभा. क्षणभर मनात आलं, हेही माझ्यासाठीच तर नाही? मग मोरीतून तोंड पुसत आलेल्या हिच्याकडे पाहिलं. डोळ्यांतून पाणी, नाक लाल, ओठ वाकडे, सगळा चेहरा आक्रसून गेलेला. माणूस प्रेमापोटी छान म्हणू शकतो. असं तोंड नाही करू शकत.

"वास येतोय तुला," मी म्हटलं.

"घाण येतेय!"

"घाण तर घाण!"

तेव्हा कुठे हिच्या लक्षात आलं. भिंतीला टेकून खाली बसली. हसायला लागली, मग पुन्हा उमळून आलं, मग पुन्हा हसली. मी जुडी गॅलरीत टाकली, दार लावून घेतलं आणि हिच्या शेजारी जमिनीवर बसलो. ही म्हणाली, "एवढं वाईट झाड लावलंत हो तुम्ही." आणि माझा हात धरला.

१६ जुलै

डॉक्टर खूश. नसा वाढायला लागल्या की सुरुवातीला तारा चुकीच्या जोडल्या जातात, म्हणून चांगले वास घाण लागतात. बहुतेकांचं हळूहळू सुधारतं. किती सुधारेल? ते सांगता येत नाही. कधी? तेही नाही. ही म्हणाली, "चालेल." मीही मान हलवली.

सेजचा पाव सगळा खपला. तो भट्टीत होता तोवर ही रस्त्यापलीकडच्या बाकावर बसून होती.

२ ऑगस्ट

मुळं धरलेल्या छाटांना आता आपापल्या कुंड्या लागणार. सकाळी चादर पसरली. वाळू मी आधीच धुऊन ठेवली होती. जुनी सेजची झाडं पार गॅलरीच्या टोकाला नेऊन ठेवलीत, वारा उलटा असला की ही आतूनच शिव्या घालते. कॉफीही हिला आता रबरासारखी लागते, कांदा बरा लागतो, साबणाचा वास काल पहिल्यांदा थोडासा साबणासारखा आला म्हणाली. बाकी पुष्कळ गोष्टींचा पत्ताच नाही.

ही बाह्या सारून बसली, दोन्ही हात ढिगात घालून खालून वर मिसळायला लागली. डाव्या मनगटावरची कातडी अजून गुलाबी आहे. एक मूठ दाबली, उघडली, गोळा सुटला नाही. "वाळू टाका," म्हणाली. मी टाकली.

मी विचारणार नव्हतो, पण तोंडून गेलंच. "मातीचा येतो का गं?"

हिने मूठ नाकाशी नेली, शांतपणे हुंगली. माझ्याकडे बघितलंही नाही.

"नाही," म्हणाली. "आणखी वाळू टाका."